अंगावर येणारी सशाची मादी: ती कधी चावते आणि कुठे चावते, हे आधी बघा

दादा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही सात माद्या आणि तीन नर असं दहाचं युनिट घेतलं, सगळे न्यूझीलंड व्हाइट. आणले तेव्हा तीन महिन्यांचे होते आणि इतके गरीब की घरातली मुलं मांडीवर घेऊन बसायची. आता त्यातल्या तीन माद्या बिघडल्यात. एक तर पिंजऱ्याचं दार उघडलं की गुरगुरत धावून येते. तिनं तुमच्या वहिनींच्या मनगटाला असा चावा घेतला की टाके घालावे लागले. दुसरीला नराशी लावायला गेलात तर तिनं नराला ओरबाडून काढलं. तिसरी गेल्या आठवड्यात व्यायली आणि आता पिल्लांच्या डब्याजवळ कुणाला फिरकू देत नाही. ज्यांच्याकडून घेतल्या ते म्हणाले, "माल खराब निघाला, काढून टाका, नव्या घ्या." तुम्ही विचारताय की काढू, की सुधारतील?

लगेच काढू नका. तुम्ही तिघींना एकाच खात्यात टाकलंय, "चावऱ्या" म्हणून. पण तिघींची गोष्ट वेगवेगळी आहे, आणि माझ्या अंदाजानं तिघींपैकी एकही मुळातली वाईट नाही. मी कराडच्या वरच्या अंगाला सोळा वर्षं ससे पाळतेय. न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला दोन्ही जाती आहेत. सुरुवातीच्या दोन वर्षांत मी अशाच चार-पाच माद्या रागाच्या भरात विकल्या. आज कळतं की त्यातल्या निदान तीन माझ्या शेडमधल्या सगळ्यात चांगल्या आया होत्या. ती हळहळ अजून जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिल्यांदा हे समजून घ्या की ही मादी अशी का वागते. आपल्याला ससा म्हटलं की माळावरचा रानससा आठवतो. तो भित्रा, चाहूल लागली की पळून जाणारा. पण पिंजऱ्यातला ससा त्याचा वंशज नाहीच. आपला रानससा बीळ करत नाही. उघड्यावर, गवताच्या आडोशाला राहतो, आणि त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडलेली असतात. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडी-नागडी, आंधळी जन्मतात आणि दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात. अशा पिल्लांचा जीव फक्त बिळात वाचतो. म्हणून या जातीत बीळ ही मादीची मिळकत आहे. चांगल्या बिळासाठी माद्या माद्यांशी भांडतात, आणि ती भांडणं जीवघेणी होतात. नरही हद्द राखतो, पण बिळाचं खरं वेड मादीला.

आता तुमच्या तीन बाय दोन फुटाच्या जाळीच्या पिंजऱ्याकडं तिच्या नजरेनं बघा. तिला तेवढंच बीळ आहे. त्यात रोज दोनदा एक मोठा हात शिरतो, कधी ताटली काढतो, कधी पिल्लू काढतो. पळायला जागा नाही. मग ती काय करणार? लहान होती तोवर हे वेड जागं झालेलं नव्हतं. न्यूझीलंड व्हाइटची मादी साधारण पाच-सहा महिन्यांत, तीन किलोच्या आसपास वजन झालं की वयात येते, आणि तेव्हापासून तिचा स्वभाव पालटतो. "आणली तेव्हा गरीब होती" असं प्रत्येक जण म्हणतो, कारण आणली तेव्हा ती पोर होती.

तेव्हा माझी पहिली कसोटी सोपी आहे. मादीला पिंजऱ्यातून बाहेर काढा (कसं काढायचं ते खाली सांगते) आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला, जिथं तिचा वास नाही अशा टेबलावर गोणपाट टाकून ठेवा. दोन मिनिटं थांबा. मग डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवा. पिंजऱ्यात वाघीण असलेली मादी टेबलावर गुमान बसली, तर तिचा राग तुमच्यावर नाही, तिच्या जागेवरचा तो हक्क आहे. असल्या मादीला मी कधीच काढत नाही. टेबलावरही चावायला आली तर मात्र बहुधा दोनच कारणं: काहीतरी दुखतंय, किंवा माणसाची भीती खोल बसलीय. तिसरं कारण, म्हणजे रक्तातच असणं, फार कमी वेळा सापडतं आणि ते सगळ्यात शेवटी धरायचं.

दुखण्याचं आधी बघा, कारण ते हमखास राहून जातं. माझ्याकडं एक चिंचिला मादी होती, कानात २३ नंबर. दोन वेतं शांत दिली आणि तिसऱ्या वेळी एकदम बदलली. डोक्याला हात लावला की उसळायची. मी महिनाभर तिला हट्टी म्हणत राहिले. एक दिवस उन्हात धरली आणि कान उलटून बघितला तर आत खोलवर पिवळट-तपकिरी पापुद्रा, वाळलेल्या खळीसारखा थरावर थर. कानातली खरूज. तिच्या कानाला माझा अंगठा लागत होता, म्हणून ती उसळत होती. डॉक्टरांकडून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घेतलं, ठरलेल्या दिवशी पुन्हा दिलं, आणि पापुद्रे न खरवडता आपोआप गळू दिले. तीन आठवड्यांत ती पहिल्यासारखी झाली. त्या महिन्याभरात मी तिच्यावर ओरडले, एकदा चापटही मारली. ते मला आजही लागतं.

म्हणून टेबलावर घेतली की कान बघा. मागच्या पायांचे तळवे बघा. जाळीवर बसून केस झिजतात, कातडी लाल होते, फुटते, आणि मग ती मादी जागची हलवली की गुरगुरते. तिला बसायला पिंजऱ्यात एक फळी टाका, रोज धुऊन वाळवा. पुढचे दात बघा, वाढून आडवे झालेत का. दूध देणारी असेल तर थानं चाचपा. एखादं थान गरम, कडक, लालसर किंवा निळसर लागलं तर तो थान सुजण्याचा दगडी रोग, आणि त्या मादीला पिल्लं अंगाला लागणंही सहन होत नाही. हे त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवायचं. आणि एक गोष्ट ठामपणे सांगते: सशाला गाई-शेळीचं औषध अंदाजानं देऊ नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन सशाच्या आतड्यातली व्यवस्था मोडतं आणि जनावर जातं. गोचिडासाठी मिळणारं फिप्रोनिलही सशाला चालत नाही. डॉक्टरांना ससा आहे हे आधी सांगा, कारण आपल्याकडं सशाची सवय असलेले डॉक्टर थोडे आहेत.

आता तुमची पहिली मादी, वहिनींना चावलेली.

ती दार उघडलं की धावून येते, म्हणजे तिला दाराचा अर्थ ठाऊक झालाय. तुम्ही लिहिलंय की ती आली की आम्ही हात मागं घेतो. साहजिक आहे, पण तिथंच गाठ बसते. ती धावली, हात गेला. म्हणजे तिच्या लेखी धावण्यानं काम झालं. दुसऱ्या दिवशी ती अर्धा क्षण आधीच धावते. उलट काही लोक नाकावर टिचकी मारतात, तोंडावर पाणी उडवतात. त्यानं तिची खात्री पटते की हात म्हणजे शत्रूच. दोन्ही चूक.

शिवाय हात येतो कुठून ते बघा. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला मागचं दिसतं, वरचं दिसतं, पण नाकाच्या अगदी पुढचं आणि हनुवटीखालचं दिसत नाही. आपण प्रेमानं हात हुंगायला म्हणून नाकापुढं धरतो, कुत्र्याला धरतो तसा. सशाला तो हात अचानक उगवलेला वाटतो. चावे बोटांना आणि मनगटाला बसतात ते यामुळं. हात नेहमी वरून, बाजूनं, दिसेल असा आणि सावकाश न्यायचा, थेट कपाळावर.

मी जे करते ते असं. सगळ्यात आधी तिच्या हद्दीत शिरायची गरजच कमी करायची. खुराकाची ताटली आतून उचलून भरायची पद्धत बंद. पत्र्याचा बाहेरून भरता येणारा खुराकडबा जाळीला लावा, पाण्याला निपल (दाबलं की पाणी येणारी तोटी) लावा, गवताची जाळी बाहेरून अडकवा. निम्म्या माद्यांचा राग एवढ्यानंच उतरतो, कारण रोज दोनदा होणारी घुसखोरी थांबते. लेंडी-मूत खाली पडेल असा जाळीचा तळ असेल तर आत हात घालण्याची वेळ आठवड्यातून एकदोनदाच येते.

मग चार-पाच दिवस फक्त पिंजऱ्यापुढं बसायचं. हे काम आमच्याकडं सासूबाई करायच्या. संध्याकाळी पाट टाकून बसायच्या, हातात हादग्याचा पाला, आणि जाळीतून एकेक डहाळी आत. बोलत राहायच्या, काहीही. शेंगा किती झाल्या, कुणाची सून आली. मादी आधी कोपऱ्यात पाय आपटते, मग दोन दिवसांनी डहाळीचं टोक ओढते, मग बोटाजवळ येऊन खाते. रोज तीच वेळ, तोच आवाज. त्यांच्या आवाजाला ज्या माद्या सरावल्या त्या पुढं कुणाच्याच हाताला उसळल्या नाहीत.

पाचव्या-सहाव्या दिवशी दार उघडायचं. उजव्या हातात पाटीएवढी लाकडी फळी, डाव्या हातात पाला. अंगात जाड बाही हवी. मी जुन्या जीन्सचा पाय कापून कोपरापर्यंत चढवते. चामडी हातमोजे मी वापरत नाही, कारण त्यातून जनावराचं अंग कळत नाही, आणि मोज्याचा वास साऱ्या शेडचा असतो. ती धावली तर फळी आड धरा आणि तिथंच थांबा. मागं नाही, पुढंही नाही. फळीवर ती दोनतीनदा पंजे मारेल, गुरगुरेल. मारू द्या. फळी हलली नाही की ती थांबते आणि बघते. त्या क्षणी फळीवरून दुसरा हात तिच्या कपाळावर सपाट ठेवा, भाकरी थापताना देतो तेवढाच दाब, म्हणजे तिची हनुवटी खाली टेकेल. कळपातही ससा असंच डोकं खाली टेकवतो आणि मग दुसरा त्याला चाटतो. डोळ्यांच्या मधून कानांकडं अंगठा फिरवा. सुरुवातीला तिचं अंग दगडासारखं ताठ लागतं, नाकपुड्या भराभर हलतात. हळूहळू नाकाचा वेग मंदावतो, कान जे मागं चिकटलेले असतात ते सैल पडतात. ते झालं की हात काढा, पाला द्या, दार लावा. दिवसातून दोनदा, एकदोन मिनिटं. दोन-तीन आठवडे लागतात. ज्या दिवशी ती तुमचा हात आला की स्वतःहून डोकं खाली करेल त्या दिवशी काम झालं.

आणि हे करण्याआधी हात साबणानं धुवा. दुसऱ्या मादीला हाताळून आलेला हात म्हणजे तिच्या बिळात परकी मादी शिरली. शेडमध्ये आम्ही आधी चिडक्या माद्यांचं काम उरकतो, मग बाकीच्यांचं, आणि नरांचं सगळ्यात शेवटी.

हल्ला होण्याआधी मादी सांगते, ते वाचायला शिका. कान मागं मानेला घट्ट, शेपटी ताठ, अंग पुढं झुकलेलं, आणि घशातून बारीक "घर्र". त्यानंतर पुढचे दोन्ही पंजे एकदम आपटते, आणि मग दात. ज्यांना चावा बसतो ते बहुतेक वेळा "अचानक चावली" म्हणतात. अचानक कधीच नसतं.

बाहेर काढताना: एका हातानं खांद्यावरची सैल कातडी मुठीत, दुसरा हात लगेच ढुंगणाखाली, सगळं वजन त्या खालच्या हातावर, आणि तोंड तुमच्या काखेत. तोंड झाकलं की ससा शांत होतो. कान धरून कधीच उचलू नका. मागचे पाय मोकळे लोंबले तर ती लाथ झाडते, आणि त्या झटक्यानं तिचंच कमरेचं मणकं मोडतं. चिडकी मादी सांभाळताना हा अपघात जास्त होतो, कारण माणूस घाबरून अर्धवट धरतो.

दुसरी मादी. तुम्ही लिहिलंय, "नराला तिच्या पिंजऱ्यात सोडलं." दादा, चूक इथं तुमची आहे, तिची नाही. मादी नराकडं न्यायची, नर मादीकडं कधीच नाही. तिच्या घरात सोडलेला नर तिच्या लेखी चोर. मीही पहिल्या वर्षी हेच केलं. सोडून खुराक आणायला गेले, परत येईपर्यंत मादीनं नराचं अंड फाडलं होतं. कोडाईकनालजवळ मन्नवनूरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं दक्षिणेतलं केंद्र आहे, तिथून आणलेल्या वळणाचा नर होता, हौसेनं घेतलेला. तो पुन्हा कामाला आला नाही. तुमच्या नराच्याही जखमा नीट बघा, केस बाजूला सारून, खास करून मांड्यांच्या मधे.

मादी नराच्या पिंजऱ्यात ठेवल्यावर तिथून हलू नका. तयार असेल तर ती अंग लांब करून शेपटी उचलते. नर चढतो आणि काम झालं की एका अंगावर कोसळतो, कधी बारीक किंचाळतो; मग लगेच मादी काढून घ्यायची. ती कोपऱ्यात दबून बसली, गोल फिरत नरावर गुरगुरायला लागली, तर तीन-चार मिनिटांत काढा. "रात्रभर राहू दे, जुळेल" हा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय. जुळत नाही, फाटतं.

तयार आहे का हे आधीच बघता येतं. सशाच्या मादीला गाई-म्हशीसारखा ठरावीक माज नसतो; नर लागल्यावर दहा-बारा तासांनी बीज सुटतं. पण मायांग (मादीची योनी) उघडून बघितलं तर फिकट, कोरडं असेल तर ती नाही म्हणणार. लालसर आणि ओलसर असेल तर घेणार. फिकट असेल तर दोन दिवस तिचा पिंजरा नराच्या शेजारी लावून ठेवा, वासाची ओळख होऊ द्या, आणि सकाळी गार असताना न्या. हिवाळ्यात दिवस लहान असतो तेव्हा शेडमध्ये संध्याकाळी दिवा ठेवून उजेड चौदा-पंधरा तासांपर्यंत नेला की माद्या बऱ्यापैकी राजी होतात. ती फार लठ्ठ असेल तरी नकार देते. पाठीवरून हात फिरवताना मणके अजिबात लागत नसतील तर गोळी पेंड कमी करा, गवत वाढवा.

एक आणखी शक्यता तपासा: खोटी गाभण. तुमच्या दोन माद्या एका पिंजऱ्यात होत्या असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. वयात आलेल्या माद्या एकत्र ठेवल्या की एक दुसरीवर चढते, आणि तेवढ्यानंही बीज सुटतं. पोटात काही नसतं, पण अंगाला वाटतं आहे. मग ती सोळा-सतरा दिवस नर जवळ येऊ देत नाही, चिडते, आणि शेवटी छातीचे केस उपटून घरटं करते. खरी गाभण मादी ३० ते ३२ दिवसांनी विते. केस सतराव्या दिवशी उपटले तर ते पोकळ समजा. गंमत म्हणजे ती अवस्था सरली की लगेच मादी नराला चांगली घेते, तेव्हा तो दिवस वाया घालवू नका. आणि तीन महिन्यांपुढं प्रत्येक मादीला स्वतंत्र पिंजरा द्या. जागेची बचत म्हणून दोन माद्या एकत्र ठेवणं पुढं महागात पडतं.

तिसरीबद्दल, जी व्यायलीय. तिच्यावर मी अजिबात रागावणार नाही. विण्याआधीचे तीन दिवस आणि नंतरचे दहा दिवस मादी जे काही करते ते मी तिच्या खात्यावर लिहीतच नाही. डब्याजवळ आलेल्या माणसावर धावणारी मादी पिल्लं चांगली वाढवते, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव. मला काळजी वाटते ती डब्याकडं ढुंकून न बघणाऱ्या मादीची. पण इथं लोक घाबरतात, कारण दिवसभर ती पिल्लांजवळ दिसत नाही. सशाची आई चोवीस तासांत बहुधा एकदाच पाजते, तीन-चार मिनिटं, तेही पहाटे किंवा रात्री. दिवसा दूर राहणं हा तिचा स्वभाव आहे. बिळाकडं शत्रूचं लक्ष जाऊ नये म्हणून. पिल्लांची पोटं गोल, कातडी ताणलेली, तर दूध मिळतंय. सुरकुतलेली पोटं आणि चुळबुळ असेल तर मिळत नाही.

पिल्लं रोज एकदा बघायलाच हवीत, मेलेलं काढायला हवं, त्यासाठी मादीशी झटापट नको. तिला आवडता पाला घेऊन टेबलावर न्या, घरातलं दुसरं कुणीतरी तेवढ्यात डबा बघेल. हाताला तिच्याच डब्यातले केस चोळून घ्या. फारच आक्रमक असेल तर मी डबाच बाहेर काढते आणि बंद खोलीत ठेवते, मुंग्या आणि उंदरांपासून लांब. रोज पहाटे ठरल्या वेळी डबा आत देते, ती उडी मारून आत जाते, पाजते, बाहेर येते, आणि डबा परत. दोन-तीन दिवसांत तिला ही शिस्त कळते. दाराशी वाट बघत बसते. वेळ चुकवायची नाही, एवढंच. पुढच्या वेताला डबा २८व्या दिवशी ठेवा, दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, आत वाळलं गवत. आधी ठेवला तर ती त्यात मुतते आणि मग त्याच डब्यावरून कटकट.

पिल्लं खाल्ल्याचीही भीती तुम्ही बोलून दाखवलीत. पहिलटकरीण वार साफ करता करता कधी जास्त चावते, किंवा घाबरून तसं करते. पण मी सगळ्यात जास्त वेळा जे कारण बघितलं ते म्हणजे पाणी. विताना आणि पाजताना मादीला भयंकर तहान लागते, उन्हाळ्यात ती दिवसाला लिटरभर पाणी सहज पिते. निपल तुंबलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, की अनर्थ. रोज बोटानं निपल दाबून बघा. दुसरं कारण रात्रीचा त्रास: पत्र्यावर चालणारं मांजर, शेडला हुंगणारी कुत्री, उंदीर. आमच्याकडं एका महिन्यात दोन माद्यांनी पिल्लं तुडवली तेव्हा रात्री बॅटरी घेऊन बसल्यावर कळलं की मुंगूस जाळीखालून फिरतंय. खालून दोन फूट पत्रा लावला आणि शेड शांत झाली.

उन्हाचंही थोडं. तीस अंशांच्या वर ससा त्रासतो, पस्तीसच्या वर जीव धोक्यात. मार्च ते मे पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी सगळ्याच माद्या चिडक्या असतात, त्या दिवसांत कुणाच्या स्वभावाचा निवाडा करू नका. पत्र्यावर उसाचं पाचट टाका, बाजूला ओली पोती, आणि हाताळणी फक्त सकाळी सातच्या आत. वेतामागून वेत घेतल्यानंही मादी कावते. तुम्ही ससे घेताना केलेल्या कराराच्या कागदावर वर्षाला आठ वेतं लिहिलीत. कागदावर लिहायला काय जातं! व्यायल्यावर आठवड्यात पुन्हा नर लावला तर ती पोटात एक आणि अंगावर एक अशी दोन वेतं ओढते. मी पिल्लं महिन्याची झाली की मगच नर दाखवते. वर्षाला पाच वेतं, पिल्लं दणकट, आणि माद्या तीन वर्षं टिकतात. उलट, धडधाकट मादी महिनोन्महिने रिकामी ठेवली तरी ती चिडकी होते, तेही लक्षात असू द्या.

मग काढायची कधी? माझा नियम असा. रिकामी आहे, दुखणं नाही, हवा गार आहे, महिनाभर वर सांगितल्याप्रमाणे मेहनत घेतली, आणि तरी परक्या टेबलावर ती माणसाला चावते. अशी मादी मी पैदाशीतून काढते, आणि मुख्य म्हणजे तिच्या लेकी राखत नाही. स्वभाव रक्तातून उतरतो. त्यामुळं नर निवडतानाही त्याच्या आईचा स्वभाव विचारते. पहिल्या वेतात पिल्लं मारली म्हणून काढत नाही. दुसरी संधी देते, दुसऱ्यांदाही सगळं नीट असताना मारली तर मग नाही. आणि जिथं लहान मुलं पिंजऱ्यापाशी जातात तिथं हद्दीसाठी चिडणाऱ्या मादीचा पिंजराही मी वरच्या फळीवर, कडी लावून ठेवते.

वहिनींच्या हाताचं: सशाचे दात अरुंद आणि खोल जातात, जखम वरून भरते आणि आत पू धरते. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना ते बघा, आणि सूज, ठणका किंवा लाल रेघ दिसली तर पुन्हा दवाखान्यात जा. त्यांना महिनाभर त्या मादीकडं पाठवू नका. त्यांचा हात थरथरला की मादीला कळतं, आणि दोघींचीही भीती वाढते. पाला देण्याचं काम तुम्ही स्वतः घ्या.

दुसऱ्या मादीला उद्या सकाळी मायांग बघून नराकडं न्या, तारीख लिहून ठेवा. बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोट चाचपा: एक हात मानेवर, दुसरा खालून मांड्यांच्या पुढं, अंगठा आणि बोटांमधून पोट हळूच सरकवायचं. लेंड्या बारीक आणि टणक लागतात, पिल्लं द्राक्षाएवढी, गुळगुळीत, बोटातून निसटणारी. दाबायचं नाही. काय लागलं ते कळवा. सतराव्या दिवशी केस उपटले तर तेही कळवा, मग पुढचं सांगते.